कच्च्या अन्नाचे सात महिने

माझ्या हातांपासून सांगते, कारण दुखणं तिथूनच सुरू झालं.

अमरावतीत मी कॉलेजच्या मुलींसाठी मेस चालवते. सतरा वर्षं झाली. दोन्ही वेळच्या मिळून दोनशेवर पोळ्या होतात. मदतीला एक बाई आहे, पण पोळी मीच लाटायची हा माझा हट्ट. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी लाटणं धरलं आणि बोटं मिटेनात. पेरं सुजून लाल झालेली. आठवडाभरात मनगटं गेली, मग गुडघे. मोरीतला नळ फिरवायलाही मला ऋतुजाला, माझ्या मुलीला, हाक मारावी लागायची.

डॉक्टरांनी रक्त तपासून संधिवात सांगितला. म्हातारपणी हाडं झिजतात तसला नाही, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तसला. मी तेव्हा एकेचाळीसची होते.

"गोळ्या किती दिवस?" मी विचारलं.

"बंद करायच्या नाहीत," ते म्हणाले.

त्यातली एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, पण ती घेतली की दोन दिवस मळमळायचं. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. त्यावर मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खायचे, डॉक्टरांना न सांगता. हे इथेच लिहून टाकते, कारण पुढे तेही अंगाशी आलं.

अशी दोन वर्षं काढली. तेव्हा अकोल्याच्या माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्या ओळखीच्या एका बाईची साखर कच्चं खाऊन उतरली होती. शहराबाहेर एका मंगल कार्यालयात सात दिवसांचं शिबिर होतं. "वहिनी, एकदा येऊन तं पाय," ती म्हणाली. मी गेले. कोणी औषध नसलेलं औषध देणार असेल तर मी तेव्हा कुठंही गेले असते.

बियाणं

शिबिर घेणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणायचे. पन्नाशीच्या, सुती साडी, मऊ आवाज. त्या फसवणाऱ्या होत्या असं मला आजही वाटत नाही. त्या स्वतः तेच खायच्या आणि त्यांचा त्यावर पुरता विश्वास होता. पहिल्या दिवशी त्यांनी तळहातावर हरभऱ्याचे चार दाणे घेतले आणि विचारलं, "हे भाजून जमिनीत टाकले तर उगवतील का?"

सगळे म्हणाले, नाही.

"मग भाजलेलं, शिजवलेलं अन्न तुमच्या शरीरात काय उगवणार? ते मेलेलं अन्न आहे. जिवंत अन्न खा."

माझे वडील मोर्शीजवळ विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करतात. मी माळ्याची पोर. बियाण्याची गोष्ट मला जितकी पटली तितकी कदाचित शिबिरातल्या कुणालाच पटली नसेल.

नियम साधे होते. चुलीवरचं काही नाही. चहा नाही, मीठ नाही. सकाळी दोन ग्लास हिरवा रस, म्हणजे पालक, थोडा पुदिना, लिंबू. दुपारी फळं. संध्याकाळी मोड आलेली कडधान्यं, किसलेलं बीट, भिजवलेले बदाम, तिळाची चटणी. गोळ्यांबद्दल त्या सांभाळून बोलायच्या. "मी बंद करा म्हणत नाही. शरीरच सांगेल."

घरी आल्यावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. ते बहात्तर वर्षांचे. म्हणाले, "बाजारातला पालक खाऊ नोको माय, लय फवारते लोकं. मी तुह्यासाठी येगळा वाफा लावतो." आणि लावला. एक दिवसाआड मोर्शीच्या एसटीतून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जुड्या यायच्या. माझे मिस्टर स्टँडवर जाऊन ड्रायव्हरकडून घेऊन यायचे. देठ तोडायला गेलं की कुडुकन मोडायचे, इतके ताजे.

बरं वाटलं, हेही खरं

हे लपवणार नाही. पहिले दोन महिने मला खरंच बरं वाटलं. सूज उतरली. आठ किलो वजन गेलं. एक दिवस मी पूर्ण परात कणीक स्वतः तिंबली आणि ओट्याला टेकून रडले. मेसच्या मुली विचारायच्या, "काकू, तुम्ही काय करून राहिल्या? किती छान दिसता." आणि मी त्यांना पालकाचं सांगायचे.

तिसऱ्या महिन्यात शरीरानं सांगितलं असं मला वाटलं, आणि गोळ्या बंद केल्या.

ह्यांनी विरोध केला. हे मोटार वाइंडिंगचं काम करतात, बोलणं कमी. "डॉक्टरले विचार तरी," एवढंच म्हणाले. मी म्हणाले, डॉक्टर काय सांगणार ते माहीत आहे. ऋतुजा बारावीला होती. ती माझ्यासारखीच तोंडाळ. एक दिवस ताटावरून उठली. "आई, तू आमच्यासंग जेवत नाई, वरून आमच्या ताटाकडे अशी पायतं की आमी जहर खाऊन राहिलो."

खरं होतं ते. मी दिवसभर फोडण्या द्यायचे, वांग्याचं भरीत भाजायचे, आणि मनात म्हणायचे, मेलेलं आहे सगळं. एका दुपारी घरात कुणी नसताना गरम पोळीचा तुकडा मोडला, त्यावर मीठ भुरभुरलं आणि खाल्ला. तो इतका चांगला लागला की मी घाबरले. दुसऱ्या दिवशी त्या एका घासाची भरपाई म्हणून निव्वळ रसावर राहिले.

पाचव्या महिन्यात तोंडाला चव राहिली नाही. जिभेवर पैसा ठेवल्यासारखं वाटायचं. अंग खाजायचं. सकाळी मळमळ, संध्याकाळी पावलांवर सूज. मी दीदींना फोन केला.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षांचं विष बाहेर पडतंय. ह्याच वेळी लोक कच खातात. रस थोडा वाढवा."

मी दोनाचे तीन ग्लास केले. आबांना जास्त जुड्या पाठवायला सांगितलं. उन्हाळा लागला होता, पालक करपत होता. म्हणून त्यांनी वाफ्यावर हिरवी जाळी बांधली, दिवसातून दोनदा पाणी दिलं. त्या उन्हात तो वाफा जगवणं सोपं नव्हतं.

स्टेज

एप्रिलमध्ये अकोल्याला पुन्हा शिबिर झालं. दीदींनी मला अनुभव सांगायला बोलावलं. तोवर मला जिना चढताना धाप लागत होती. तरी मी गेले. न जाण्याचा अर्थ काय होईल, ते मला स्वतःशीच कबूल करायचं नव्हतं.

बोलण्याआधी कार्यालयाच्या मागच्या संडासात मला उलटी झाली. हिरवी. तोंड धुतलं, पदर नीट केला आणि स्टेजवर गेले. समोर साठ-सत्तर माणसं, चार कूलर, तरी अंगातून घाम. मी माईक धरला. "मी आज एकही गोळी घेत नाही," मी म्हणाले. "दोनशे पोळ्या करते आणि थकत नाही. ज्यांना डॉक्टरनं आयुष्यभर गोळ्या सांगितल्या असतील त्यांनी माझ्याकडे बघा."

टाळ्या वाजल्या. बरेच जण मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, तो पुढे दीदींच्या ग्रुपवर फिरला.

खाली उतरल्यावर एक बाई जवळ आल्या. नांदगाव खंडेश्वरच्या. शोभाबाई. वय साठीच्या आसपास, नाकात चमकी, हातात कापडी पिशवी. बारा वर्षांपासून इन्सुलिन घेत होत्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "ताई, तुमच्या तोंडावर काय तेज हाये वो! टोचून टोचून पोटाची चाळणी झाली माही. मी बी चालू करतो आता." माझा नंबर घेतला, आपला दिला.

तोंडावर तेज नव्हतं. ती सूज होती. माझ्या अंगात पाणी साठत होतं. आदल्या दिवसापासून मला लघवीच झाली नव्हती, आणि हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

निदानाचा दिवस

नणंदेच्या घरी पोचल्यावर मी दिवाणावर आडवी झाले, पण पडून श्वास घेता येईना. बसले तरी येईना. तिनं रिक्षा बोलावली. दवाखान्यात रक्त घेतलं, छातीला पट्ट्या लावल्या, आणि अर्ध्या तासात दोन नर्स धावतच आल्या.

किडनीचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, कुठली भस्मं घेता? वैदूचं काही? विंचू-साप? मी सगळ्याला नाही म्हणाले.

"मग खाता काय?"

त्या अवस्थेतही माझ्या आवाजात थोडा अभिमान आला, हे आठवलं की अजून कान तापतात. मी सगळी यादी सांगितली. ते लिहीत होते. पालकाशी त्यांचा पेन थांबला.

"रोज किती?"

"आधी दोन जुड्या. आता तीन."

"कच्चा? किती महिने?"

"सात."

त्यांनी पेन खिशाला लावला आणि ह्यांना आत बोलवायला सांगितलं. हे तेव्हा अमरावतीहून निघालेले, मूर्तिजापूरच्या पुढे होते. थांबायला वेळ नव्हता. दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही थांबू शकत होतं. डायलिसिस लगेच करायचं होतं. कागदावर माझ्या नणंदेनं सही केली.

मानेत सुई टोचून जाड नळी घातली. तोंडावर हिरवं कापड होतं. कापडाखाली मी फक्त एवढंच म्हणत होते की मी तर सगळं चांगलंच खात होते. नर्सला वाटलं मी देवाचं नाव घेते आहे. "घ्या, घ्या," ती म्हणाली.

पाच दिवसांनी किडनीचा तुकडा काढून तपासला. त्यात बारीक स्फटिक सापडले. डॉक्टरांनी समजावलं की पालक, बीट, बदाम, तीळ ह्या सगळ्यांत एक क्षार असतो. थोडं खाल्लं तर शरीर बाहेर टाकतं. शिजवून पाणी काढलं तर त्यातला बराच निघून जातो. मी तो महिनोन्महिने, कच्चा, रस करून, उपाशीपोटी घेत होते. "दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी आधीच थोडी नाजूक झाली असणार," ते म्हणाले. "सगळा दोष एकट्या पालकाला देऊ नका."

"बऱ्या होतील?" मी विचारलं.

"सांगता येत नाही." ते खोटं बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला खोटं हवं होतं.

घरची माणसं

मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पलंगाशी स्टुलावर बसले, माझ्या पावलावर बोट दाबून खड्डा किती खोल पडतो ते पाहत राहिले. मग म्हणाले, "मले दिसून राहिलं होतं ना सगळं. मी स्टँडवरून जुड्या आणत होतो." दाढी वाढवून आठवडाभर तसेच बसले.

ऋतुजा चार दिवस माझ्याशी बोललीच नाही. यायची, चादर बदलायची, कागद नीट लावायची, जायची. पाचव्या दिवशी माझे केस विंचरताना तिच्या हातात भला मोठा पुंजका आला. तो मुठीत लपवून ती म्हणाली, "तू मेली असती तं मी तुले कधी माफ केलं नसतं." आणि माझ्या पाठीत डोकं खुपसून रडली.

आबांना आम्ही फक्त 'किडनीला सूज' एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सांगायची कुणाची हिंमत नव्हती. दहाव्या दिवशी ते स्वतःच आले. मोर्शीहून अमरावती, तिथून अकोला, दोन एसट्या बदलून. धोतर धुळीनं भरलेलं आणि काखेत ओलं गोणपाट. त्यांनी ते माझ्या पलंगावर सोडलं. हिरव्यागार जुड्या.

"पोरीच्या अंगात ताकद नाई म्हणते," ते म्हणाले. "म्हणलं दवाखान्यात कोण देते ताजा पालक."

ऋतुजा उठली. मी हात वर केला पण ती थांबली नाही. "न्या ते बाहेर! त्याच्यानंच झालं हे! त्या पालकानंच!"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं ह्यांनी आबांना सांगितलं. आबांनी जुड्या परत गोणपाटात गुंडाळल्या, एकेक, फुलं बांधावी तशा, आणि बाहेर गेले. तासाभरानं हे बघायला गेले तर ते गेटपाशी उन्हात उकिडवे बसले होते. पोटाशी गोणपाट धरून.

ह्यांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. मी म्हणाले, "आबा, पालक खराब नाई. तुमी माणसानं खायचा पाठवला, मी जनावरावानी खाल्ला."

"मी जाळी बांधली होती न," ते म्हणाले. "जळून राहिला होता तो. मी काहून बांधली जाळी?"

मी त्यांचा हात धरायला गेले, पण सांध्यांच्या गोळ्या बंद होत्या, माझी बोटं पुन्हा सुजली होती. मिटेनात. मग त्यांनीच माझा हात धरला.

सोमवार, बुधवार, शनिवार

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दवाखान्यातून सोडल्यावर मी नणंदेकडेच राहिले. अमरावतीची मेस ह्यांनी आणि ऋतुजानं कशीबशी चालवली. काही मुली सोडून गेल्या, काहींनी स्वतः पोळ्या लाटल्या.

डायलिसिसच्या खोलीत आठ पलंग. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं. पहिले काही दिवस मी डोळे मिटून घ्यायचे. मधेच पायात गोळे यायचे, रक्तदाब पडायचा, छत फिरायचं. घरी आल्यावर धुतलेल्या फडक्यासारखी पडून राहायचे. सांधे ठणकायचे ते वेगळंच, कारण आता दुखण्याची गोळी बंदच.

सगळ्यात वाईट तहान. दिवसभरात अर्धा लिटर पाणी, त्यात चहा-वरण सगळं आलं. अकोल्याचा मे महिना, आणि अर्धा लिटर. रस्त्यानं रसवंतीची घुंगरं वाजली की मला रडू यायचं. एक दिवस मी अंघोळीच्या पाण्याचे दोन तांबे प्याले. त्या बुधवारी मशीनवर वजन जास्त भरलं. नर्सनं माझ्याकडे बघितलं, आणि मी तिच्यासमोर शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घातली.

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त पोस्टमन काका असायचे. सहा वर्षांपासून मशीनवर. त्यांनी मला वेलदोडा दिला. "चावू नोका, गालात धरून ठेवा. तोंड ओलं राह्यते." तो वेलदोडा मी दोन-दोन तास धरायचे. त्या दिवसांत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं सुख.

जेवणाचंही सगळं उलटं झालं. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, भाजी चिरा, भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग करा. कच्चं काहीही नको. सात महिन्यांनी पहिला गरम भात माझ्यापुढे आला तेव्हा मी त्यावर नुसता हात धरून बसले. वाफ तळहाताला लागत होती.

फोन

डायलिसिसच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन चालू असताना फोन वाजला. 'शोभाबाई नांदगाव'.

"ताई, बारा दिवस झाले, सुई सोडली!" त्यांचा आवाज पोरीसारखा होता. "अंग हलकं झालं वो. तुमचा व्हिडिओ मी रोज पायतो. सूनबाई रागावते, पण म्या म्हणलं, ते ताई पाय. तुमी बऱ्या हात न?"

माझ्या मानेतल्या नळीतून रक्त चाललं होतं. मी म्हणाले, "हाव. जरा कामात हावो. मंग बोलते."

आणि फोन ठेवला.

त्यानंतर पाच-सहा वेळा त्यांचा फोन वाजला. मी उचलला नाही. बोलायला त्राण नव्हतं असं मी स्वतःला सांगायचे. पण घोटभर जास्त पाण्यासाठी नणंदेशी भांडायला त्राण होतंच.

दीदींचाही एकदा फोन आला. मी जे झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठेतरी चूक केली असेल. मधे शिजवलेलं काही खाल्लं होतं का?" मला तो मीठ लावलेला पोळीचा तुकडा आठवला आणि एक क्षण, खरंच एक क्षण, वाटलं की त्यामुळेच झालं असेल. इतकी मी त्यात बुडाले होते. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ग्रुपमधून काढलं होतं. व्हिडिओ मात्र तिथेच राहिला. अजून आहे.

आठव्या आठवड्यात लघवी वाढली. आमच्या घरात त्या बातमीनं जितका आनंद झाला तितका ऋतुजाच्या बारावीच्या निकालानंही झाला नाही. अकराव्या आठवड्यात मानेतली नळी निघाली. किडन्या तिसऱ्या हिश्श्यानं चालतात. "जपलं तर बरीच वर्षं," डॉक्टर म्हणाले. जपलं नाही तर काय, ते त्या खोलीत मी रोज बघत होते.

आता सांध्यांची दुसरी औषधं चालू आहेत, दर महिन्याला रक्त तपासून. हात पूर्ण मिटत नाहीत. पोळ्या मदतीची बाई लाटते. काकडी-गाजर, फळं कुणी खाऊ नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला आधीच काही दुखणं आहे त्यानं आपल्या ताटात काय आहे ते डॉक्टरांना सांगावं, आणि उलट्या, सूज, खाज ह्याला कुणी चांगलं लक्षण म्हटलं तर त्याच दिवशी रक्त तपासावं. मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी, ह्यांनी, ऋतुजानं, मला तिघांनी सांगितलं होतं.

नांदगाव खंडेश्वर

नळी निघाल्यावर मी शोभाबाईंना फोन लावला. सुनेनं उचलला. मी नाव सांगितलं.

"तुमीच का त्या व्हिडिओवाल्या?" ती म्हणाली. "आईचा पाय कापला."

अंगठ्याला लहानशी जखम झाली होती. साखर इतकी चढलेली की ती भरलीच नाही, काळी पडत वर गेली.

दुसऱ्याच दिवशी हे मला घेऊन गेले. बसस्टँडच्या मागे घर. पुढच्याच खोलीत खाटेवर शोभाबाई बसल्या होत्या, अंगावर चादर. चादर डाव्या बाजूला गुडघ्याखाली सपाट होती. त्यांनी मला ओळखलं आणि हसल्या.

"या ताई. बारीक झाल्या तुमी."

त्यांना वाटलं मी बरी असलेली बाई त्यांना भेटायला आले. मी पदर बाजूला करून मानेवरचा व्रण दाखवला. सगळं सांगितलं. सून दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हंजे त्या दिवशी तुमी बिमार होत्या?"

"हाव."

"बोलून राहिल्या होत्या तवा बी?"

"उलटी करून आली होती मी."

त्यांनी चादरीची सुरकुती नीट केली. "अन् मी फोन केला तवा?"

"मशीनवर होती."

"मंग सांगतलं काहून नाई?"

रस्ताभर मी उत्तरं जुळवली होती. अशक्तपणा, लाज, भीती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. जे आलं ते मला आधी माहीतही नव्हतं.

"सगळ्याइले माहीत झालं होतं की मी मरून राहिली," मी म्हणाले. "एक तुमीच होत्या, ज्यायच्यासाठी मी बरी होती."

सून काहीतरी बोलायला पुढे आली. शोभाबाईंनी हातानं तिला थांबवलं. माझ्याकडे त्या रागानं बघत नव्हत्या. रागानं बघितलं असतं तर मला खाली बघता आलं असतं.

"माहा पाय गेला न वो, ताई," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. सुनेनं तरीही चहा आणून ठेवला. तो तसाच निवला, आणि आम्ही दोघी बसून राहिलो.